मॅक्डॉवेल काउंटीचे उत्पन्न खरोखर वाढले का?

अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या मॅक्डॉवेल या कोळशाच्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागात, 1950 साली 98,887 लोक राहत होते. 2020 च्या जनगणनेत ही संख्या 19,111 वर आली. खाणी बंद पडत गेल्या आणि माणसे बाहेर पडली, एवढे या दोन आकड्यांवरून कळते. परंतु जी कुटुंबे तेथेच राहिली त्यांची आर्थिक स्थिती सुधारली की खालावली, हे सांगणे पुष्कळच अवघड आहे. त्यासाठी मध्यक कौटुंबिक उत्पन्न पाहतात, म्हणजे निम्म्या घरांचे उत्पन्न ज्याच्या खाली आणि निम्म्यांचे ज्याच्या वर असते तो आकडा. मोजक्या श्रीमंत घरांमुळे सरासरी फुगते, मध्यक सहसा फुगत नाही, म्हणून ही निवड योग्यच आहे.

2000 च्या जनगणनेनुसार मॅक्डॉवेलचे मध्यक उत्पन्न 16,931 डॉलर होते. हे उत्पन्न 1999 या वर्षाचे असून ते देशभरात साधारण सहा घरांमागे एका घराकडून भरून घेतलेल्या लांब प्रश्नावलीतून आले होते. 2010 च्या जनगणनेत ती प्रश्नावली नव्हती. तिची जागा वर्षभर सतत चालणाऱ्या अमेरिकन कम्युनिटी सर्व्हेने आधीच घेतली होती. या सर्वेक्षणाचे एका वर्षाचे नेहमीचे अंदाज 65,000 किंवा अधिक लोकसंख्येच्या भागांनाच मिळतात, त्यामुळे मॅक्डॉवेलसारख्या काउंटीसाठी पाच वर्षांची उत्तरे एकत्र करावी लागतात. 2006 ते 2010 या कालखंडासाठी तेथील मध्यक 22,000 डॉलरच्या थोडा वर निघाला. कागदावर ही जवळजवळ 31 टक्क्यांची वाढ दिसते. मात्र 1999 ते 2010 या काळात अमेरिकेतील ग्राहक किंमत निर्देशांकही सुमारे 31 टक्क्यांनीच वाढला, आणि या पाच वर्षांच्या अंदाजातील सगळी उत्पन्ने 2010 च्या डॉलरमध्ये आणलेली असतात. महागाई वजा केली की एका दशकाची वाढ जवळपास शून्यावर येते. ज्या बातमीत हा हिशेब केलेला नसतो, तिच्यातल्या वाढीवर मी विश्वास ठेवत नाही.

दरवर्षी नवा पंचवार्षिक अंदाज येतो म्हणून ते सगळे बिंदू जोडून आलेख काढण्याचा मोह होतो. 2006–2010 आणि 2007–2011 या दोन अंदाजांत चार वर्षांची उत्तरे सामाईक असतात, त्यामुळे त्यांच्यातील फरक म्हणजे एका वर्षाचा बदल नव्हे. तुलना करायचीच तर 2006–2010, 2011–2015 आणि 2016–2020 असे एकमेकांवर न चढणारे कालखंड घ्यावेत, सर्व रकमा एकाच वर्षाच्या डॉलरमध्ये आणाव्यात आणि प्रत्येक अंदाजाशेजारी छापलेला मार्जिन ऑफ एरर, म्हणजे नमुन्यामुळे अंदाज किती इकडेतिकडे होऊ शकतो तो आकडा, वाचावा. समजा, असे करून एका कालखंडाचा मध्यक 22,000 अधिक-उणे 1,500 आणि पुढच्याचा 24,000 अधिक-उणे 1,800 आला. दोन्ही मार्जिनांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढले की फरकाचा मार्जिन सुमारे 2,343 येतो. प्रत्यक्ष फरक त्याहून कमी, 2,000 चाच आहे. म्हणजे हे मार्जिन ज्या 90 टक्के विश्वासपातळीवर काढलेले असतात, तिच्यावर उत्पन्न वाढले असे म्हणता येत नाही. लहान काउंटीत नमुनाच लहान असल्याने असे वारंवार घडते.

एकेका वर्षाचा अंदाज हवा असेल तर अमेरिकेच्या जनगणना ब्यूरोचा ‘साइपी’ (लहान भागांच्या उत्पन्नाचे आणि गरिबीचे अंदाज) हा दुसरा कार्यक्रम आहे. त्यात सर्वेक्षणाच्या अपुऱ्या आकड्याला प्राप्तिकर विवरणपत्रे आणि अन्नसाहाय्याच्या नोंदी यांची जोड देऊन सांख्यिकी प्रतिमानातून (मॉडेलमधून) अंदाज काढतात. फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये लहान गावांच्या उत्पन्नासाठी मांडलेल्या पद्धतीचाच हा वारसा आहे. ही मालिका मला उपयुक्त वाटते, पण 2005 पासून तिचा आधार असलेले सर्वेक्षणच बदलले, त्यामुळे त्या वर्षाच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे सरळ एका रेषेत ठेवू नयेत.

मध्यक काढताना अन्नसाहाय्य उत्पन्नात धरले जात नाही, हेही मॅक्डॉवेलच्या बाबतीत महत्त्वाचे आहे. 1961 मध्ये सुरू झालेल्या नव्या योजनेतील पहिली अन्नकुपने याच काउंटीत दिली गेली होती. सामाजिक सुरक्षेचे निवृत्तिवेतन मात्र धरले जाते. त्यामुळे कमावती तरुण कुटुंबे निघून गेली आणि निवृत्त माणसांची घरे उरली, तर कोणाच्याही हातात एक डॉलर कमी न येता मध्यक खाली येऊ शकतो. अगदी गरीब घरेच आधी उठली, तर कोणाचेही काही न वाढता तो वर जाऊ शकतो. म्हणून मॅक्डॉवेलचा मध्यक पाहताना त्याच कालखंडातील घरांची एकूण संख्या, घरप्रमुखांचे वय आणि पगारी उत्पन्न असलेल्या घरांचे प्रमाण हे तीन रकाने मी शेजारी उघडून ठेवतो.