हजेरीपटात न दिसलेल्या मुली

गेल्या वर्षी सांगली जिल्ह्यातल्या पाच गावांतल्या एका क्रीडा उपक्रमाचं, मुख्यतः मुला-मुलींच्या खो-खो सरावाचं, मूल्यमापन माझ्याकडे आलं. मैदान शाळेचं, दिवे ग्रामपंचायतीचे, प्रशिक्षक गावच्या मंडळाचा आणि पैसा एका कंपनीच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, अशी चौघांची भागीदारी. ग्रामीण खेळांचं प्रशिक्षण कंपनी कायद्यातल्या सीएसआरच्या यादीत बसतं. शाळेत असताना मी स्वतः खो-खो खेळलेय, त्यामुळे हे काम मला मनापासून हवं होतं.

उपक्रम सुरू होण्याआधी गावातली पोरं किती खेळत होती, याची नोंदच कुणी ठेवलेली नव्हती. हातात होते फक्त हजेरीपट. जानेवारी २०२५ नंतर त्यांत मुलींची नावं भराभर वाढलेली दिसत होती. पण त्याच महिन्यात दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला होता. भारताचे दोन्ही संघ जिंकले, आणि मुलींची कर्णधार प्रियांका इंगळे आपल्या महाराष्ट्राची! ती सगळी वाढ उपक्रमाच्या खात्यावर लिहायला माझा हात धजेना.

मग मी न कळवता संध्याकाळी मैदानाच्या कडेला जाऊन बसायला लागले. दर दहा मिनिटांनी डावीकडून उजवीकडे एकदा नजर फिरवायची आणि किती बसलेत, किती चालतायत, किती पळतायत ते लिहायचं. मुली वेगळ्या, मुलगे वेगळे. खो-खोत आठ जण पाटीवर बसतात, नववा पाठलाग करतो, समोर तिघे पळतात. म्हणजे एका वेळी मैदानात बाराच जण. चाळीस पोरं आली, तर अठ्ठावीस कडेला. आणि कडेला तासभर बसून राहणाऱ्यांत नवख्या मुलीच जास्त. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. या मुलींची हजेरी रोज लागत होती, पण पळणं फार थोडं होत होतं.

उपक्रमात बायकांचा सकाळचा चालण्याचा गटही होता. त्यांच्यासाठी मी केलेली प्रश्नावली पहिल्याच घरी अडली. ‘व्यायाम करता का?’ यावर मावशी म्हणाल्या, “कुठला व्यायाम बाई, दिवसभर भांगलण करतो की आम्ही!” शेतातलं तण काढणं हीही हालचालच. चूक माझी होती. काम, ये-जा आणि मोकळा वेळ यांतली हालचाल वेगवेगळी विचारायची असते. प्रश्नावली बदलून मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली.

चारही भागीदारांशी मी वेगवेगळं बोलले. प्रत्येकाला तेच दोन प्रश्न : तुम्ही काय द्यायचं ठरलं होतं, आणि बाकीच्यांनी काय? दिव्यांचं बिल कुणी भरायचं, याची चार वेगळी उत्तरं मिळाली. प्रशिक्षकाचं मानधन महिनोन् महिने थकलं होतं. बैठकांच्या इतिवृत्तात त्याचा उल्लेखही नव्हता. तरी तो एक दिवसही चुकला नव्हता. हे मी अहवालात पहिल्या पानावर लिहिलं आणि त्यावरून थोडी नाराजीही झाली. मला ते तिथेच हवं होतं.

खरी गोष्ट मात्र सोडून गेलेल्या मुलींच्या घरी कळली. आठवीनंतर नावं गळत होती आणि प्रशिक्षकाला वाटत होतं, मुलींना आवड उरत नाही. एका आईने सरळ सांगितलं, “सहाला नळाला पाणी येतंय, तवा ही मैदानावर असली तर भरायचं कुणी?” सरावाची वेळही सहाचीच. ही वेळ ठरवताना कुठल्याही आईला विचारलेलं नव्हतं.

म्हणून अहवालाची बैठक मी शाळेच्या व्हरांड्यात घ्यायचा आग्रह धरला आणि आयांना बोलावलं. सरपंच ताईंनी त्यांना पुढे बसवलं. वेळ तिथेच बदलली. आता शाळा सुटल्या सुटल्या सराव सुरू होतो. मोठ्या मैदानाशेजारी खांबांची दुसरी जोडी रोवली आहे, म्हणजे दोन डाव एकदम चालतात. गेलेल्यांपैकी तिघी परत आल्यात. बाकीच्यांच्या घरी मी पुढच्या महिन्यात पुन्हा जाणार आहे, पाणी यायच्या आधी.