चालणारा चालतो, थांबणारा नाही

भिगवणला फ्लेमिंगो बघायला येणारी मंडळी फेब्रुवारीत हमखास विचारतात, "शृंगी घुबडाची पिल्लं दाखवाल का?" पैसे घेऊन पक्षी दाखवणं हाच माझा धंदा, त्यामुळे सरळ नाही म्हणवत नाही. पण इथं अटी माझ्या. शंभर पावलं लांब राहायचं, फ्लॅश नाही, मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवायचा नाही आणि जागा कुणाला सांगायची नाही. मीही सांगणार नाही. पुरंदर तालुक्यातला एक कोरडा ओढा, एवढं पुरे.

त्या दिवशी पुण्याचे एक डॉक्टर आले होते, नवीकोरी ६०० एमएमची लेन्स घेऊन. ओढ्याच्या उभ्या काठात एक कपार आहे. खाली दगडावर विष्ठेचे पांढरे ओघळ, म्हणजे मालक घरात. हे घुबड घरटं म्हणून काडीसुद्धा गोळा करत नाही, सरळ मातीवर अंडी घालतं. पहिल्या अंड्यापासूनच मादी बसते, म्हणून पिल्लं पुढंमागं निघतात आणि थोरल्या-धाकट्यात चांगलाच फरक पडतो.

डॉक्टर पात्रात उभं राहून कपारीकडे लेन्स लावायला लागले. मादीनं लगेच कान उभारले, अंग ताणून काठीसारखी बारीक झाली. "दोनच पावलं पुढं जातो," ते म्हणाले. मी म्हटलं, "सर, ती उठली तर कावळे आणि कोतवाल पक्षी तिच्या पाठी लागतील, अन् पिल्लं उन्हात उघडी पडतील." ते थांबले, पण नाराज झालेले दिसत होते.

तेवढ्यात वळणावरून मेंढरं आली. घंटा, धूळ, कुत्रं, मागून मेंढपाळ आबांची हाळी. अख्खा कळप कपारीच्या बरोबर खालून गेला. आणि मादीनं काय करावं? कान पाडले, डोळे मिटले! डॉक्टर बघतच राहिले. आबा हसले. "माणूस चालतोय तवर तिला काय न्हाय. थांबून वर बघाया लागला, की तिच्या पोटात गोळा. रोजचं हाय आमचं."

मग आम्हीही कळपाबरोबर निघालो, न बघता, न थांबता. वळण ओलांडल्यावर समोरच्या काठावर चढून बाभळीआड बसलो.

दिवस मावळल्यावर पलीकडून नराचं घुमणं आलं, "बू-बूऽऽ". थोड्या वेळानं तो उंदीर घेऊन कपारीवर उतरला. पंखांचा आवाज म्हणून नाही. थोरल्या पिल्लानं तो अख्खाच गिळायला घेतला. शेपटी किती तरी वेळ चोचीबाहेर लोंबत होती. धाकटं मागं चुळबुळत राहिलं. पुढच्या खेपेची शिकार मात्र मादीनं पायाखाली धरून फाडली आणि त्याला बारीक तुकडे भरवले. मी दुर्बिणीतून बघत होतो. डॉक्टरांचा कॅमेरा तोवर हरला होता, अंधारात टिपायची क्षमता (आयएसओ) १२८०० वर नेऊनही नुसता करडा गोळा.

"टॉर्च मारू का, क्षणभर?"

"नाही, सर."

मी ट्रायपॉडची घडी घालायला लागलो. परतताना गाडीत त्यांनी दिवसभराचे फोटो चाळले. पिल्लांचे सगळे हललेले. एकच धारदार निघाला, दुपारी लांबून सहज टिपलेला: फ्रेमभर मेंढरांच्या पाठी, आबांचं लाल पागोटं आणि वर कोपऱ्यात डोळे मिटलेली मादी.

"यात घुबड कुठंय, असं घरचे विचारणार," डॉक्टर म्हणाले, आणि तोच फोटो त्यांनी मला पाठवला.