तुम्ही विचारलंत म्हणून: तुझं त्या गाण्यांशी काय नातं?

"तुझं काय नातं गं त्या गाण्यांशी?"

ती गाणी म्हणजे कॉर्नवॉलच्या, इंग्लंडच्या पार नैऋत्य टोकाच्या, पबांत लोक मिळून म्हणतात ती. हे आत्या विचारते तेव्हा त्याचा अर्थ असतो, घरी पेटी धूळ खातेय आणि ही गुत्त्यात जाऊन गाते. लंडनच्या गणपतीत भेटणारे विचारतात तेव्हा अर्थ असतो, आमच्या आरतीला यायला बरा हिला वेळ नसतो. आणि इथले कॉर्नवॉलचे लोक विचारतात ते सगळ्यात गोड आवाजात, मागे "माय लव्हर" लावून (इथे बसचा ड्रायव्हरही माय लव्हर म्हणतो, आत्याला हे अजून सांगितलेलं नाहीये), पण अर्थ तोच, तू इथे कशी? दर वेळी मी काहीतरी वेगळंच उत्तर देते आणि घरी येऊन चिडचिड करते. म्हणून एकदाच लिहून टाकते, यापुढे विचारलंत की हेच फॉरवर्ड करेन.

सुरुवातीचं सोपंय. नोकरीसाठी कॉर्नवॉलमधल्या कॅम्बोर्नला आले, नोव्हेंबरात साडेचारला अंधार, रोज तोच आडवा पाऊस, आणि एका शुक्रवारी पबच्या दारातून गाणं ऐकू आलं. स्पीकर नाही, वाद्य नाही, नुसती माणसं. एकाने ओळ उचलली की दुसऱ्या ओळीला बाकीचे आपापल्या आवाजात शिरतात, कोणी वरती, कोणी पार खर्जात, आणि कोणी कोणाला खुणावत नाही. याला इथे शाऊट म्हणतात. हे कान मेथडिस्ट पंथाच्या चॅपलमध्ये तयार झालेत, तिथलंच मग खाणीवर आणि तिथलंच पबात. मी वर्षभर सगळ्यांना सांगायचे, "अगदी आपल्या भजनासारखं." लोकांना आवडायचं ते. पण तसं नाहीये हो. भजनात सगळे एक चाल धरतात, इथे शेजारचा मुद्दाम वेगळंच गातो आणि त्याच्याकडे ओढलं न जाता आपण आपलं धरून ठेवायचं असतं. मला ते तीन महिने जमलं नाही.

आता हुशार लोकांचा प्रश्न. ती गाणी मुळात तिथली नाहीतच, मग कसला डोंबलाचा वारसा? हे मला सांगू नका, मीच हे सांगत फिरायचे. 'ट्रेलॉनी' घ्या, जे रग्बीच्या मॅचला छाती फुगवून म्हणतात. बिशप ट्रेलॉनी १६८८ मध्ये राजाविरुद्ध गेला म्हणून लंडनच्या टॉवरमध्ये, म्हणजे तुरुंगात, टाकला गेला आणि वीस हजार कॉर्निश माणसं त्याच्यासाठी उठतील असं ते गाणं. वीस हजार सोडा, वीससुद्धा निघाले नाहीत, बिशप खटल्यात निर्दोष सुटला. शब्द १८२४ मध्ये रॉबर्ट हॉकर नावाच्या विशीतल्या पोराने लिहिले आणि नाव न टाकता छापायला दिले. धृपद तेवढं जुनं, असं तो स्वतः म्हणायचा. वॉल्टर स्कॉटसारख्या कादंबरीकाराने ते जुनं लोकगीत समजून वाखाणलं, डिकन्सच्या मासिकातही तसंच छापून आलं. 'स्वीट नाइटिंगेल'चे शब्द १७६० च्या लंडनच्या एका संगीत नाटकातले. ते छापणाऱ्या रॉबर्ट बेलने ऐकलं ते जर्मनीत, शिशाच्या खाणीवर कामाला गेलेल्या चार कॉर्निश माणसांकडून. आणि सगळ्यांचं लाडकं 'लॅमोर्ना' तर मँचेस्टरचं, त्यातला अल्बर्ट स्क्वेअर मँचेस्टरचाच, मुळात तिथल्या पोमोना बागेचं नाव होतं, इथल्यांनी त्या जागी लॅमोर्ना हे इथल्या गावाचं नाव घातलं आणि आपलं म्हणून टाकलं.

हे सगळं मी रात्री दोन-दोनपर्यंत वाचून पाठ केलं होतं. का, तर बाहेरच्या माणसाला आत शिरायचं असलं की तो आतल्यांपेक्षा जास्त माहिती गोळा करतो. तेव्हा मला हा अभ्यास वाटायचा.

तर ती रात्र. मार्च महिना, सेंट पिरानचा, म्हणजे कॉर्नवॉलच्या संताचा, दिवस नुकताच झालेला, पबमध्ये काळ्या कापडावर पांढरा क्रॉस असलेले झेंडे अजून टांगलेले. आमच्या टेबलाला एक आजोबा असतात, साऊथ क्रॉफ्टी ही खाण १९९८ ला बंद पडेपर्यंत तिथे जमिनीखाली कथील काढत होते. त्यांच्याकडे एक निळी वही असते, रबरबँड लावलेली, तिच्यात गाण्यांची नावं, सुरुवात कुठल्या पट्टीत करायची ते, आणि पुढे कंसात कोणाचं. त्या रात्री 'कॅम्बोर्न हिल' झालं (ट्रेविथिक नावाच्या इंजिनिअरने १८०१ च्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी वाफेची गाडी चढवली तो चढ इथून चालत पाच मिनिटांवर आहे, हे एक तरी अस्सल इथलंच), मग 'लॅमोर्ना' झालं, आणि मी वहीत डोकावले. 'लॅमोर्ना'पुढे लिहिलं होतं ट्रॅड. म्हणजे पारंपरिक. मी म्हटलं, "हे चुकलंय, हे मँचेस्टरचं आहे." मोठ्याने म्हटलं. अल्बर्ट स्क्वेअर वगैरे सगळं सांगितलं.

आजोबा म्हणाले, "हो, माहितीय." पलीकडचा म्हणाला, "माझा बाप तसंच म्हणायचा कधी कधी, पोमोना घालून." सगळ्यांना माहीत होतं. कोणी रागावलं नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास झाला. आजोबांनी विषय बदलायला म्हणून सांगितलं की त्यांचे आजोबा कोलारला सोन्याच्या खाणीत होते, कोलार तुझ्याजवळच ना? मी म्हटलं नाही, ते कर्नाटकात, मी सातारची. काय गरज होती? माणूस पुढे होऊन नातं जोडत होता, आणि मी त्याला नकाशा दाखवत होते.

मग ते म्हणाले, "तुझ्याकडचं एक म्हण. जुनं. घरातलं."

आणि यार, माझ्याकडे काही नव्हतं. आजी जात्यावर बसायची त्या काळातली, तिला ओव्या यायच्या, मी लहानपणी तांदूळ निवडताना तिला गुणगुणताना ऐकलंय. पण मला दीड ओळ येते. दीड! आमच्याकडे तिकडे गी प्वातवँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी गावोगावच्या बायकांकडून लाखावर ओव्या गोळा केल्या, मी त्याबद्दलचे लेख शेअर केलेत, आणि माझ्या स्वतःच्या आजीची मला एक आख्खी ओवी येत नाही. टेबलावरचे सगळे थांबलेले, ग्लास हातात, कोणीतरी बारवाल्याला शूऽऽ केलं. शेवटी मी 'नाच रे मोरा' म्हटलं. हो. पूर्ण म्हटलं, डोळे मिटून, जरा संथ, म्हणजे गंभीर वाटावं म्हणून.

त्यांना फार आवडलं. आजोबांनी स्पेलिंग विचारत विचारत वहीत लिहून घेतलं, मग पेन उचलून माझ्याकडे बघितलं. "ट्रॅड?"

मी म्हटलं, "हो. खूप जुनं."

'देवबाप्पा' सिनेमा १९५३ चा. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, गायलंय आशाबाईंनी. हे साताऱ्यातलं शेंबडं पोर सांगेल. दहा मिनिटांपूर्वी जिने मँचेस्टर काढलं होतं तिनेच हे केलं.

आता माझी बाजू. माझ्या आईला ते तिच्या आईने शिकवलं, मला आईने, कोणी सिनेमा पाहिलेला नाही, कोणी कागद बघितला नाही, मग पारंपरिक म्हणजे आणखी काय असतं? हॉकरने तरी वेगळं काय केलं? हे मी बऱ्याच वेळा स्वतःला सांगून बघितलंय. मग आतून तेव्हाची ती रात्री दोनपर्यंत वाचणारी बया म्हणते, हॉकरने निदान स्वतः लिहिलं होतं. आणि इथले लोक खोटं बोलतच नाहीत, त्यांना ते कुठून आलंय ते माहितीय आणि तरी ते त्यांचं आहे, कारण खाणी बंद पडल्या, भाषा अठराव्या शतकातच जवळपास गेली (आता शाळकरी पोरं पुन्हा शिकतायत), कॉर्निश ही वेगळी माणसं आहेत हे सरकारने कागदावर मान्य करायला २०१४ उजाडलं, आणि या सगळ्यात टिकलं काय तर टेबलाभोवती म्हटलेली ही इकडची तिकडची गाणी. माझं तसं काय गेलंय? माझी भाषा शाबूत आहे, आजीची ओवी माझ्या आळसाने गेली, मी कधी विचारलीच नाही. या दोन गोष्टी एका तागडीत घालता येतात का? मला नाही वाटत. कधी कधी वाटतं.

म्हणून आत्या, नातं काय, मला सांगता येत नाही. मला तिथे माझा आवाज धरून ठेवता येतो आता, एवढं खरं. आणि तू म्हणशील मग आजीच्या ओव्या शीक, तर तुला किती येतात ते आधी सांग, फोनवर रेकॉर्ड करून पाठव, खरंच पाठव.

वहीचं अजून तसंच आहे. गेल्या शुक्रवारी त्यांनी ते पुन्हा मागितलं, "द पीकॉक वन", आणि मी दुसऱ्या ओळीवर असताना आजोबा खालून खर्जात शिरले, शब्द नाहीत, नुसतं ऊऽऽ, मग पलीकडचा वर गेला, आणि नाच रे मोराला चार आवाज लागले. सांगणार आहे मी त्यांना. इथे एक शब्द आहे, ड्रेक्ली, म्हणजे लगेच, पण लगेच नाही, आपल्या "बघू" सारखा. तसं सांगणार आहे.