मे महिन्यातलं आमचं संमेलन आणि ठराव नंबर एक

आमचं गाव राजापूर तालुक्यात, माडबनच्या सड्यावर, म्हणजे तिथल्या कातळाच्या पठारावर, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, आणि कोकणातल्या गावांचं असतं तसं आमच्या गावाचंही मुंबईत मंडळ आहे. वर्षभर परळच्या एका खोलीत मीटिंगा चालायच्या, वर्गणीची पावती पुस्तकं फिरायची, पण खरं स्नेहसंमेलन मे महिन्यात गावी, देवळासमोरच्या मांडवात. दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार, वह्यावाटप, बायकांचं हळदीकुंकू, संगीत खुर्ची, रात्री भजनाची डबलबारी. लहानपणी माझ्यासाठी वर्षात दोनच मोठे सण होते, शिमगा आणि हे.

मग जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प आला. सहा अणुभट्ट्या, प्रत्येकी १६५० मेगावॅटची, म्हणजे एकूण ९९००, तंत्रज्ञान फ्रान्सचं, आणि त्यासाठी माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे इकडची मिळून ९०० हेक्टरच्या वर जमीन. आमच्याकडे शाळेतलं पोरगंसुद्धा हे आकडे धडाधड सांगतं, कारण ते संमेलनातच पाठ झालेत.

२०१० ची रात्र मला सगळ्यात जास्त आठवते. प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे ला माडबनला होती आणि चाकरमानी सुट्टीत गावी आलेलेच होते. पर्यावरणाचा अहवाल हा एवढा जाड, इंग्रजीत, मराठी प्रत बऱ्याच गावांना वेळेत मिळालीच नव्हती. मग आमच्या मंडळाने त्या वर्षी डबलबारी बाजूला ठेवली आणि बँकेत नोकरी करणारा आमचा एक काका मांडवात ट्यूबलाइटखाली झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन बसला, एकेक परिच्छेद वाचायचा, थांबायचा, मराठीत सांगायचा, मध्येच एखादा शब्द अडला की कॉलेजातल्या पोरी डिक्शनरी उघडायच्या. भजनाला बसतात तशी माणसं बसलेली, कोणी हलत नव्हतं. शेजारच्या नाटे गावाहून काही मच्छीमार मुद्दाम आले होते. भट्टी थंड ठेवायला घेतलेलं पाणी परत समुद्रात सोडणार आणि ते पाच अंश जास्त गरम असणार असं काकाने सांगितलं तेव्हा कोणीतरी मागून म्हणालं, पाच अंश म्हणजे काही फार नाही. तर नाट्याचे एक चाचा उठले आणि म्हणाले, "अंगात पाच अंश ताप चढला तर तू जगशील काय रे? मग मासा कसा जगेल?" त्यानंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. मी आजवर बरीच भाषणं ऐकली, शास्त्रज्ञांचीही ऐकली, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

पुढच्या वर्षी मार्चमध्ये फुकुशिमा झालं, आणि १८ एप्रिलला आमच्या इथे आंदोलनात पोलिसांचा गोळीबार होऊन नाट्याचा एक तरुण गेला. २०११ च्या मे मध्ये सत्कार नाही, स्पर्धा नाही, लाउडस्पीकरसुद्धा लावला नाही. नुसते मांडवात बसलो. नाट्याच्या बायका आल्या होत्या, आमच्या काक्या त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, आणि ते हळदीकुंकवाचं ताट त्या वर्षी तसंच झाकून ठेवलेलं राहिलं.

एका वर्षी तारापूरकडचे दोन प्रकल्पग्रस्त पाहुणे बोलावले होते. तिथल्या अणुवीज केंद्राच्या तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्यांनी भाषण असं केलंच नाही, नवीन वसाहतीतून समुद्र किती लांब पडतो आणि होडी ठेवायची कुठे एवढंच सांगत राहिले. आमच्या म्हाताऱ्यांना तेवढ्यात सगळं कळलं.

आणि प्रश्नमंजुषेत एका सातवीतल्या मुलीने विचारलेलं, युरेनियम येतं कुठून? आपल्याकडचं तर बाहेरच्या देशांतून येणार असं उत्तर होतं, पण ती म्हणाली म्हणजे तिथेही कोणाचं तरी गाव असणार ना. त्यावरून त्या दुपारी जादूगोडाची गोष्ट निघाली, झारखंडातली, १९६७ पासून खाण, आदिवासींच्या वस्त्यांशेजारीच खाणीचा गाळ साठवलेला तलाव, आणि तिथल्या लोकांनी विकिरणाविरुद्ध स्वतः उभी केलेली संघटना. मेघालयातल्या स्पिलिटी लिंगडोह लांगरिन या आजींबद्दलही तेव्हाच ऐकलं, युरेनियमसाठी कंपनी पैसे देत असताना जमीन द्यायला त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. पुढच्या हळदीकुंकवात बायकांच्या तोंडी ह्या आजीच, जशी काही वरच्या वाडीतलीच कोणी.

सगळं गोड होतं असं नाही. २०१३ मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला आणि मग आधी नाही म्हटलेल्या बऱ्याच जणांनी चेक घेतले, कोणाचं कर्ज होतं, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाला वाटलं आता जमीन तशीही गेलीच. भाऊ भावाशी बोलेना. त्या मे मध्ये पंगत वेगळी बसवायची काय अशी कुजबुज होती, तर आमच्या मोठ्या आत्याने स्वतः भाताचं घमेलं हातात घेतलं आणि सगळ्यांना एकाच ओळीत बसवलं, चेक घेतलेल्यांनाही आणि न घेतलेल्यांनाही. मंडळ फुटलं नाही ते तिच्यामुळे, असं मी आजही मानते. ती आता नाही.

२०२१ मध्ये फ्रान्सच्या कंपनीने परत प्रस्ताव दिला, तेव्हा व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन दिवस नुसते मेसेज. भट्टी अजून उभी राहिलेली नाही. पावसानंतर सड्यावर फुलं येतात, नाट्याच्या होड्या जातात येतात.

संमेलनात आता सत्कार परत होतात, डबलबारी पण असते. फक्त सर्वसाधारण सभेत जमाखर्चाच्याही आधी ठराव नंबर एक वाचतात, प्रकल्पाला गावाचा विरोध कायम आहे, आणि सगळे हात वर करतात, मांडीवरच्या पोरांचे हात त्यांच्या आया वर धरतात. यंदा तो ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलंय. इतिवृत्ताची वही काल घरी आणली आणि मागची पानं उलटत बसले, दर दोन-तीन वर्षांनी अक्षर बदललंय, वाक्य तेच आहे.