डबा बदललास का रे?

मंगळवार, १ जुलै

"डबा बदललास का रे?" असे आईने विचारले आणि मी "हो" म्हणालो, याला आज एकोणीस दिवस झाले. ते "हो" मागे घ्यायची संधी मला त्यानंतर रोज मिळाली, कारण दोन दिवस सोडले तर दररोज दुपारी मी तिच्यासमोर बसलेलोच होतो. तरीही ते तसेच राहिले. आज ओटा पुसून झाल्यावर मी हे लिहायला बसलो आहे, ते एवढ्याशा प्रश्नाचे मला इतके का लागले हे कळावे म्हणून.

त्या दिवशी मी वेगळेच वाक्य ठरवून घरातून निघालो होतो. आनंदनगरला मेट्रोत बसल्यापासून डेक्कनला उतरेपर्यंत ते मनात घोळवत होतो. आई पहिला घास घेईल, "आज आमटी बरी आहे" असे काहीसे म्हणेल, आणि मग मी पाण्याचे भांडे तिच्याकडे सरकवता सरकवता, अगदी सहज, "मी केली" असे सांगेन. मेट्रोच्या त्या थंड, बंदिस्त हवेत मांडीवरच्या पिशवीतून हिंगाचा वास सुटला होता. शेजारच्या मुलीने कानातले इअरफोन न काढताच आधी पिशवीकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, त्याचाही मला अभिमानच वाटला होता. प्रत्यक्षात घास घेणे दूरच राहिले. आईने झाकण उघडले, आमटीचा रंग पाहिला आणि प्रश्न विचारून टाकला. "कुठला आहे?" असे तिने पुढे विचारले, तेव्हा "कोथरूडमधल्याच एक बाई आहेत, त्यांनी नव्यानेच सुरू केले आहे," असे माझ्या तोंडून निघून गेले. त्या बाई अशा जन्माला आल्या.

जेवण झाल्यावर आई म्हणाली, "बाई बऱ्या दिसतात. पण आमसूल कुकरातच घालतात त्या. सांग त्यांना, त्याने डाळ एकजीव होत नाही."

हे खरे होते. वेळ वाचावा म्हणून सकाळी मी तूरडाळ, हळद, हिंग आणि चार आमसुले एकदमच कुकरात घातली होती, आणि तीनच्या जागी पाच शिट्ट्या होऊनही डाळीचा दाणा न् दाणा वेगळा राहिला होता. कारण मी नंतर शोधून काढले. डाळीच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात लवकर विरघळत नाही, मग कुकरात पाणी १२० अंशांपर्यंत का तापेना. जड पाण्यातले कॅल्शियमही हेच करते, आणि आमच्या सोसायटीत मे महिन्यापासून टँकरचे पाणी आहे. म्हणजे त्या डाळीने दोन्हीकडून मार खाल्ला होता. आईला हे सगळे एका घासात कळले.

पण डाळीचे मला काही वाटले नाही. वाटले ते याचे की झाकण उघडताच तिच्या मनात डबेवालीच आली. हे आपल्या मुलाने केले असेल, अशी शंका तिला चाटूनसुद्धा गेली नाही. मी बावन्न वर्षांचा आहे आणि मार्चपासून रोज सकाळी साडेसहाला ओट्यापाशी उभा राहतो. मोहरी तडतडायच्या आत हळद घातली तर मोहरी कच्ची राहते आणि हळद जळते, हे मी तीन फोडण्या फेकून देऊन शिकलो. कुकरची वाफ पुरती जाण्याआधी झाकण ओढायचे नसते, हे मनगटाला शिकवले. पोळ्यांचाही प्रयत्न केला, पण माझी पोळी तव्यावर टाकली की पापडासारखी वाजू लागते, म्हणून तो नाद सोडला आणि पोळ्या जुन्या पोळी-भाजी केंद्रातूनच आणत राहिलो. एवढे करून पहिल्यांदा धीर धरून मी आपल्या हातचे आईपर्यंत नेले, आणि तिला ते विकतचे वाटले. पहिला आठवडा मी याच एका वाक्याभोवती फिरत होतो. आईला माझा हात ओळखता येऊ नये? पण माझा असा हात तिने कधी पाहिलाच नव्हता, हे तेव्हा सुचले नाही. मेधाला फोनवर सांगावेसे वाटले होते. सांगितले नाही. आमच्या फोनवर सध्या विजेचे बिल आणि नागपूरची हवा एवढेच विषय असतात.

दुसऱ्या आठवड्यात मी गोडा मसाला घरी करायचे ठरवले. त्यामागे शिकण्याची हौस थोडी होती आणि सूड जास्त होता. विकतचा मसाला वापरला म्हणून ती विकतची चव, असे मी स्वतःला पटवले आणि मंडईकडे गेलो. १८८६ सालच्या त्या दगडी इमारतीभोवती फिरताना लहानपणी आईच्या पिशवीचा एक बंद धरून चालायचो, ते आठवले. तेव्हा ती काय घेत होती, याकडे लक्ष दिले असते तर आज यादी घेऊन दुकानदारासमोर उभे राहावे लागले नसते. धणे, सुके खोबरे, तीळ, जिरे, शहाजिरे, लवंग, दालचिनी, तमालपत्र, नागकेशर, मसाला वेलदोडे आणि दगडफूल. दगडफूल मी पहिल्यांदाच हातात नीट धरून पाहिले. एका बाजूने राखाडी, दुसऱ्या बाजूने काळे, कडा दुमडलेल्या, आणि वजन जवळजवळ नाहीच. जळून गेलेल्या पत्राचा तुकडा उरावा तसे. हे फूल नसतेच. बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला तो संसार असतो आणि तो उघड्या दगडावरही वर्षानुवर्षे टिकतो. एवढे वाचून मी फोन बाजूला ठेवला.

मसाल्याचे सारे मर्म भाजण्यात आहे. खोबरे तांबूस व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तीळ तडतडून कढईबाहेर उडतात आणि दगडफुलाचा कोळसा होतो, म्हणून प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा असतो. मी दोन-तीन जिन्नस वेगळे भाजले, नंतर कंटाळलो आणि उरलेले एकत्र लोटले. दुसऱ्या दिवशी आईने आमटीची वाटी नाकाजवळ नेली आणि म्हणाली, "मसाला घरचा आहे हं बाईंचा. पण तीळ करपलेत. सगळे एकाच कढईत लोटले असणार. घाई असते बिचाऱ्यांना."

घरचा आहे, हे तिने ओळखले होते. तेवढ्यावर मी खूश व्हायला हवे होते. पण माझ्या कानांत "बिचाऱ्यांना" एवढेच राहिले. दहा घरांचे डबे भरणाऱ्या एका काल्पनिक बाईच्या घाईबद्दल आईच्या पोटात माया होती, आणि ज्याला कसलीही घाई नव्हती तो मी समोर बसून ती माया दुसरीकडे जाताना पाहत होतो. त्या दुपारी मी तिच्याशी थोडा तुटक वागलो. तिच्या ते लक्षात आले असावे. तिच्याकडचा गॅस आम्ही दिवाळीनंतर बंद केला, तेव्हापासून माझ्या तुटकपणावर ती काही बोलत नाही. त्या दिवसाविषयी आज लिहीत नाही.

मग अळूचा प्रसंग घडला. पाऊस सुरू झाला, मंडईत अळूच्या जुड्या आल्या आणि मी मोठ्या उत्साहाने अळूचे फदफदे करायला घेतले. हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाणे भिजवले, पाने चिरली, देठ सोलले. आमसुलाचा धडा ताजा होता, म्हणून आंबट म्हणून काही घालायलाच नको, असा शहाणपणाही केला. चव न घेता डबा भरला. आईने दोन घास खाल्ले, वाटी बाजूला सारली आणि ताकभात कालवू लागली. मी माझ्या पानातले खाल्ले तेव्हा कळले. घशात बारीक काटे रुतल्यासारखे झाले. अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तेच हे काटे. चिंचेने ती खाज मरते, हे ज्या घरात अळू शिजते त्या प्रत्येक घराला माहीत असते. आई ताकाचा घोट घेऊन म्हणाली, "काळ्या देठाचे अळू वड्यांचे असते, पांढरट देठाचे भाजीचे. एवढे तरी विचारून घ्यायचे मंडईत. आणि चिंच कुठे गेली? कुकरात आमसूल नको म्हटले, तर अळूत चिंच नको असा अर्थ काढला की काय त्यांनी?"

"सांगतो त्यांना," मी म्हणालो.

परतताना लकडी पुलावर, घसा खवखवत असतानाच, मला एकाएकी हसू आले आणि थांबेना. मार्चमध्ये मी पहिल्यांदा मुगाची खिचडी केली तेव्हा तिचा फोटो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. "वा!", "कमाल आहे!", "शिका रे याच्याकडून!" असा नुसता पाऊस पडला. त्या खिचडीत मीठ दुप्पट होते. पुढच्या रविवारी तशीच खिचडी आत्याच्या घरी नेली, तर तिने ती संपवली, वर "छान खमंग" म्हणाली, आणि नंतर तांब्याभर पाणी प्यायली. पुरुषाने भात लावला की घरात आरतीचे तबकच निघते. भात खाली लागलेला असला तरी कोणी तसे सांगत नाही. त्या बाईंना ही सवलत नाही. त्यांच्या डाळीला डाळ म्हणतात, करपलेल्या तिळाला करपलेला म्हणतात, आणि म्हणूनच तीन महिन्यांत मी जेवढे शिकलो नव्हतो तेवढे त्या पंधरा दिवसांत शिकल्या. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत मीही केंद्राच्या काउंटरवर उभा राहून रोज काही ना काही सुनावत होतो, मीठ जास्त झाले, भाजीत रस्साच आहे, कोबी कच्चा आहे. पलीकडच्या बाई "सांगते आत" म्हणायच्या. आत कोण होते, हे मी कधी विचारले नाही.

तेव्हापासून मी आईच्या तक्रारी मन लावून ऐकू लागलो. भेंडी धुऊन, कोरडी पुसून मगच चिरायची. वांग्याच्या फोडी लगेच पाण्यात टाकायच्या, नाहीतर काळ्या पडतात. गूळ आमटी उतरवताना घालायचा नाही, एक उकळी त्याच्यासह यायला हवी. हे ती मला कधीच सांगत बसली नसती. मला ती "तू कशाला त्रास घेतोस" म्हणाली असती आणि विषय संपला असता. त्या बाईंची मात्र ती चौकशीही करू लागली. "मुले आहेत का त्यांना?" असे तिने परवा विचारले. मी माहीत नाही म्हणालो. "आणि नवरा?" यावर मी न ठरवताच, "बाहेरगावी असतो," असे उत्तर दिले. आई भाताची ढेकळे बोटांनी मोडत होती, ती थांबली. "मग एकटीसाठी काय रांधत असेल ती," एवढेच म्हणाली. मी ताक वाढले.

त्यानंतर थोड्या वेळाने तिने आणखी एक विचारले. "बाई नव्या, पण पोळ्या जुन्याच केंद्राच्या आहेत. हे कसे काय?" मी म्हणालो की बाईंना पोळ्या जमत नाहीत. "हो का," असे म्हणून ती हात धुवायला उठली.

आज महिन्याचा पहिला दिवस, म्हणून तिने पेन्शनमधून डब्याचे पैसे काढून ठेवले होते. पाकिटावर तिच्या तिरप्या अक्षरात "डबा, जून" असे लिहिले होते आणि त्याखाली हिशेब होता, ३००० वजा खाडे २, म्हणजे २८००. एक खाडा मटकीचा. दमट हवेत मी मटकी फडक्यात बांधून विसरलो, तिला मोड येण्याऐवजी वास आला, आणि "बाईंना बरे नाही" असे सांगून मी त्या दिवशी वेळ मारून नेली. दुसरा खाडा पालख्या पुण्यात होत्या त्या दिवसाचा, पेठांतले रस्ते बंद होते तेव्हाचा. पालखीचाही खाडा धरायचा का, असे मी विचारले.

"मेट्रो चालू होती," आई म्हणाली.

हे पैसे घ्यायचे तरी कसे आणि परत करायचे तरी काय सांगून, याचा विचार करत मी पाकीट खिशात घातले. डब्याचे कप्पे एकमेकांवर बसवत होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "आणि त्यांना सांग, शुक्रवारी कांदेनवमी आहे. भजी डब्यात पाठवू नका म्हणावे, वाफेने मऊ पडतात. इथेच येऊन तळा. कढई आहे माझ्याकडे." मग पदराने चष्मा पुसला. "सिलिंडर तेवढा जोडून दे त्यांना."

मी "विचारतो" म्हणालो आणि निघालो.

पाकीट आता फ्रिजवर आहे. तिच्या शेगडीचा रेग्युलेटर दिवाळीपासून माझ्या कपाटात, मोज्यांच्या कप्प्यात आहे.