तारेनंतर आलेले पत्र

मी खानापूर तालुक्यातील एका शाखा डाकघरात काम करतो. आमच्याकडे नोव्हेंबर म्हणजे शिवारात भाताची सुगी आणि डाकघरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले. ज्या वृद्धांना चालवत नाही त्यांच्या घरी मी स्वतः बोटांचे ठसे घेणारे यंत्र घेऊन जातो. गेल्या वर्षी अशाच फेरीत मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेल्या एका हवालदार आज्जांकडे गेलो आणि थोड्या वेळाच्या कामात माझी सबंध दुपार गेली.

यंत्र त्यांचे बोट ओळखेना. फौजेनंतर सारा जन्म विळा-कोयत्यात गेलेला. बोटांवरच्या रेघा झिजून गेल्या होत्या. हात धुऊन, पुसून दहाही बोटे ठेवून पाहिली. मग चेहऱ्यावरून ओळख पटवायचे ठरले, पण मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून आम्ही अंगणात वाट पाहत बसलो. तेव्हा त्यांनी एकाएकी विचारले, "बाळा, पोस्टातनं आलेला कागद खोटा असतोय काय रे?"

प्रश्न माझ्या खात्यावर असावा असे मला वाटले. तो १९७१ सालच्या पाकिस्तानबरोबरच्या युद्धातला होता.

बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये एकाच तुकडीत शिकलेले ते चौघे: हे खानापूरचे, एक निपाणीकडचा, एक सावंतवाडीचा आणि एक चंदगडचा. चौघेही पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत गेले. (तिघांची नावे आज्जांनी गावासकट सांगितली, त्यांच्या घरच्यांना न विचारता ती लिहिणे मला योग्य वाटत नाही.) चंदगडच्या मित्राला वाचता येई, पण लिहिताना त्याचा हात अडे, म्हणून त्याची पत्रे आज्जाच लिहीत. मेघालयाच्या सीमेसमोरचे, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातले कमालपूरचे ठाणे ४ डिसेंबरला शरण आले आणि पुढे निघण्याआधी त्यांनी त्याच्या वडिलांना एक अंतर्देशीय पत्र लिहिले. मित्राने सांगितले तेवढे उतरवल्यावर जागा उरली, म्हणून रिवाजाप्रमाणे शेवटी आपल्याच मनाने ओळ घातली, "मी इकडे खुशाल आहे, काळजी नसावी."

पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या मागे गेली आणि तिने दक्षिणेची वाट अडवली. आपले ब्रिगेडियर हरदेवसिंग क्लेर यांनी शरण येण्याविषयी पाठवलेल्या चिठ्ठीला पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीच्या कमांडरने उत्तर पाठवले, त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. ही हकिकत इतिहासात नोंदलेली आहे. आज्जांना ती खंदकात कानोकानी समजली होती. १० डिसेंबरच्या रात्री शत्रूने अंधारात वाट फोडण्याचा प्रयत्न केला आणि तो मराठ्यांच्या मोर्चांवर येऊन आदळला. ती लढाई आपण जिंकली, दुसऱ्या दिवशी जमालपूर पडले, १६ डिसेंबरला पलटण ढाक्यात होती. आज्जांनी हे सारे चार वाक्यांत उरकले. त्यांना सांगायचे होते ते सकाळचे. सावंतवाडीचा आणि चंदगडचा असे दोघे शेजारी शेजारी निजवलेले होते आणि चंदगडच्या मित्राच्या अंगावर आज्जांचे स्वेटर होते, आदल्या संध्याकाळी थंडी वाजते म्हणून मागून नेलेले. निपाणीकडचा पुढे इस्पितळात जखमांनी वारला.

सुट्टीवर आल्यावर ते चंदगडकडे त्या घरी गेले. वडिलांनी पत्र पुढे ठेवले. ९९ एपीओ, म्हणजे फौजेच्या डाकघरामार्फत निघालेले ते पत्र मुलगा गेल्याच्या तारेनंतर पाच दिवसांनी पोचले होते. शाळामास्तरांकडून ते वाचून घेतल्यावर तार चुकीची आहे असे म्हातारा गावभर सांगत फिरला होता आणि पुढे कित्येक दिवस बसथांब्यावर जाऊन बसत होता. पत्रातले अक्षर कोणाचे, हे त्या दिवशी आज्जांना सांगता आले नाही. पुढे म्हातारा वारला.

डाकेच्या कामात मी बारा वर्षे आहे. पत्र उशिरा पोचते म्हणजे काय होते, हे मी त्या अंगणात पहिल्यांदा समजलो. "आज्जा, तुम्ही लिहिलं त्या दिवशी ते खरंच होतं," एवढेच मला म्हणता आले. त्यांनी मान हलवली. पटले की नाही, कळले नाही.

रेंज आली. चेहरा चौकटीत धरून डोळ्यांची उघडझाप करायची असते, तसे मी सांगितले. दोन वेळा फसले, कारण डोळे पाण्याने भरत होते. तिसऱ्या वेळी दाखला झाला. मी शुल्काचे सत्तर रुपये घेतले, पावती दिली. निघताना त्यांनी विचारले, "ते नव्व्याण्णव एपीओ अजून चालू हाय?"

मी म्हणालो, "हाय आज्जा."

"आता किती दिवसांत जातंय पत्र?"