तहाचं परिशिष्ट

अरब-इस्रायल शांततेची बातमी आली की आपल्याकडे हस्तांदोलनाचा फोटो छापून येतो आणि चर्चा तिथेच थांबते. मुंबईत सोसायटीच्या पुनर्विकासाचा करारनामा ज्याने एकदा नीट वाचलाय, त्याला ठाऊक असतं की पहिली चार पानं सगळ्यांचीच गोड असतात. खरा व्यवहार मागच्या परिशिष्टात असतो: नकाशा कोणता, ताबा कोणत्या तारखेला, वाद झाला तर निवाडा कोण करणार. इजिप्त-इस्रायल तहसुद्धा मागच्या पानांपासून वाचावा.

वाचायचं कारण आपल्या घरातलंच आहे. पेणकर, रोहेकर अशी रायगडच्या गावांची आडनावं घेऊन गेलेले बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, आज इस्रायलच्या अश्दोद-दिमोनात आहेत, आणि त्याच किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांतली मुलं कुवेत-दुबईत नोकरीला आहेत. तिकडे रॉकेटं सुटली की काळजीचे फोन दोन्हीकडे जातात.

या तहाची पायाभरणी करणारी अमेरिकेतली कॅम्प डेव्हिडची बोलणी 5 ते 17 सप्टेंबर 1978 अशी तेरा दिवस चालली. इस्रायलचे पंतप्रधान बेगिन आणि इजिप्तचे अध्यक्ष सादात समोरासमोर बसले की भडका उडायचा. म्हणून अमेरिकेने एकच मसुदा हातात धरला. तो आज एकाला, उद्या दुसऱ्याला दाखवायचा, आक्षेप टिपायचे, पुन्हा लिहायचा. असे तेवीस मसुदे झाले. यात 'तुमची मागणी काय' हा प्रश्नच कुणाला विचारावा लागत नाही, 'या ओळीत काय खुपतं' एवढंच विचारायचं असतं. मागणी सोडली तर नाक कापल्यासारखं वाटतं, ओळ बदलून घेतली तर वाटत नाही.

26 मार्च 1979 ला तहावर सह्या झाल्या. देणंघेणं टप्प्यांत बांधलं होतं. 1967 मध्ये जिंकलेल्या इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पात नऊ महिन्यांत इस्रायलने अल अरीश ते रास मुहम्मद या रेषेमागे यायचं, ते झाल्यावर महिन्याभरात राजदूत नेमायचे, उरलेलं सिनाई तीन वर्षांत सोडायचं. जानेवारी 1980 मध्ये पहिली माघार पूर्ण झाली, फेब्रुवारीत राजदूत पोचले. ऑक्टोबर 1981 मध्ये सादात यांची हत्या झाली, तरीही 25 एप्रिल 1982 ला सिनाई रिकामं झालं. सही करणारा माणूस गेला, पण तारखा कागदावर होत्या.

पहिलं परिशिष्ट सैन्याचं. सुएझकडचा पट्टा 'अ': इजिप्तचे जास्तीत जास्त 22,000 सैनिक आणि 230 रणगाडे. मधला 'ब': हलक्या शस्त्रांच्या चार सीमा-बटालियन, 4,000 माणसं. इस्रायलला लागून 'क': इजिप्तचे फक्त नागरी पोलीस आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षक. इस्रायलच्या बाजूचा अरुंद 'ड': चार पायदळ बटालियन, रणगाडा एकही नाही. आकडे असल्यामुळे भंग झाला की मोजून दाखवता येतो. 'सैन्य कमी ठेवावे' एवढंच लिहिलं असतं तर पहिल्याच वर्षी भांडण झालं असतं.

मोजणार कोण, हा प्रश्न मे 1967 चा अनुभव गाठीशी ठेवून सोडवला होता. तेव्हा इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी जा म्हटल्यावर सिनाई-गाझातलं संयुक्त राष्ट्रांचं शांतिदल निघालं, आणि ते पुरतं निघायच्या आत युद्ध पेटलं. त्या दलातले भारतीय जवान गाझात मारले गेले. म्हणून 1979 च्या तहात कलम आलं: दोघांचं एकमत असल्याशिवाय, किंवा सुरक्षा परिषदेच्या पाचही कायम सदस्यांच्या होकाराशिवाय दल हलणार नाही. पुढे सोव्हिएत विरोधामुळे परिषदेकडून दलच मिळेना, तेव्हा ऑगस्ट 1981 मध्ये संयुक्त राष्ट्रांबाहेरचं बहुराष्ट्रीय दल उभं केलं. खर्च इजिप्त, इस्रायल आणि अमेरिका यांच्यात सारखा वाटून. 2005 मध्ये गाझाच्या हद्दीवर 750 इजिप्शियन सीमारक्षक आणायची वेळ आली, तेव्हा वेगळा करार करून ते आणले, तहाला हात लावावा लागला नाही.

तरी एक तुकडा अडलाच: ताबा नावाचा, साधारण एक चौरस किलोमीटरचा किनारा. वाद होता 1906 च्या सरहद्दीवरचा खांब क्रमांक 91 नेमका कुठे होता याचा. बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटणार नाही. पण तहाच्या सातव्या कलमात लिहिलं होतं की बोलणी फसली तर समेट किंवा लवाद. पाच जणांच्या लवादाने 29 सप्टेंबर 1988 ला इजिप्तच्या बाजूने कौल दिला आणि मार्च 1989 मध्ये इस्रायलने, स्वतः बांधलेल्या हॉटेलासकट, ताबा सोडला. या सगळ्या इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

जिथे मोघम सोडलं, तिथे काय झालं? त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायलने माघार घ्यावी असं सांगणारा, सुरक्षा परिषदेचा 22 नोव्हेंबर 1967 चा ठराव 242 बघा. इंग्रजीत 'फ्रॉम टेरिटरीज' आहे, 'फ्रॉम द टेरिटरीज' नाही; म्हणजे सगळ्या प्रदेशांतून की काहींतून, हे मोघम. फ्रेंच मजकुरात मात्र 'दे तेरितुआर' आहे, म्हणजे 'त्या' प्रदेशांतून असाही अर्थ लागतो. मराठीत 'व्यापलेल्या प्रदेशांतून माघार' म्हटलं की हा फरक गायबच होतो, म्हणून मराठी बातम्यांत हा वाद नीट उमगत नाही. ठराव मंजूर व्हावा म्हणून शब्द सैल ठेवला, आणि अर्थावरून भांडण आजही चालू आहे.

कॅम्प डेव्हिडलाही पॅलेस्टिनी प्रश्नाचा भाग असाच सैल राहिला. व्यापलेल्या प्रदेशातल्या इस्रायली वस्त्यांचं नवं बांधकाम किती काळ थांबवायचं? अमेरिकेचे अध्यक्ष कार्टर म्हणाले पॅलेस्टिनी स्वायत्ततेची बोलणी चालतील तोवर, बेगिन म्हणाले तीन महिने. बेगिन यांच्याकडून तसं लेखी पत्र सहीआधी हातात घेतलं नव्हतं. जेरुसलेमवर तर प्रत्येकाने आपापली भूमिका सांगणारं वेगळं पत्र जोडून दिलं. इस्रायल आणि पॅलेस्टिनी मुक्ती संघटना यांच्या सप्टेंबर 1993 च्या ऑस्लो करारातही जेरुसलेम, निर्वासित, वस्त्या, सीमा हे सगळं अंतिम बोलण्यांसाठी ठेवलं. पाच वर्षांचा संक्रमणकाळ ठरला, पण तो संपेपर्यंत काहीच ठरलं नाही तर काय, हे लिहिलं नाही. लवादाची तरतूद होती, मात्र दोघांची संमती असेल तरच. मे 1994 पासून मोजलेली ती पाच वर्षं मे 1999 मध्ये संपली, तेव्हा कोणत्या कलमाखाली कुणाकडे जायचं हे कुणालाच सांगता येत नव्हतं.